हिरव्या पट्ट्यांमागे आई

"थांबा! त्या बटणाला हात लावू नका!"

वर्षालीने सायकल दारातच टाकली आणि ती दुकानात घुसली. तिच्यामागे तिचा दहा वर्षांचा भाऊ समर्थ आणि शेजारची उझ्मा. निघोज्याच्या मे महिन्यातल्या उन्हात सायकली हाणून तिघांचे चेहरे लाल झाले होते.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या धनेशदादाने माउसवरचं बोट उचललं. "काय गं, कुठे आग लागली?"

"आमचा कॉम्प्युटर फॉरमॅट करताय तुम्ही?"

"तुझ्या पप्पांनीच फोनवर हो म्हटलंय. डिस्क गेलीय. सगळं पुसून टाकतो, नव्यासारखा होईल."

"आणि आईचा व्हिडिओ?" समर्थने विचारलं.

"तो तर खराबच झालाय, राजा."

दिवाळीच्या आधी त्यांची आई गेली. तिचा फोन हॉस्पिटलात हरवला. गच्चीवर कुरडया घालतानाचा तिचा एकच व्हिडिओ उरला होता, तोही फक्त या कॉम्प्युटरमध्ये. पण हल्ली तो लावला की पडद्यावर हिरवे पट्टे यायचे आणि आईच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे. आवाज मात्र स्वच्छ यायचा.

"दुसरा एखादा व्हिडिओ लावून बघितलात?" उझ्माने विचारलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे!" वर्षालीने माउस ओढून घेतला आणि शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ लावला. त्यातही हिरवे पट्टे! "हाच व्हिडिओ उझ्माच्या फोनवर चांगला चालतो. मग बिघाड आईच्या व्हिडिओत कसा?"

"म्हणजे डिस्कच गेली. मी तेच म्हणतोय!"

"फोटो तर सगळे नीट दिसतायत!"

तेवढ्यात कंपनीच्या गणवेशातच तिचे पप्पा, ज्योतीराम, आले. पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती. "वर्षा, चल घरी. त्यांना त्यांचं काम करू दे."

वर्षालीचा राग आता पप्पांकडे वळला. "पप्पा, लाइनवर एक पार्ट रिजेक्ट झाला तर तुम्ही काय करता? पाच वेळा 'का' विचारता ना? तुम्हीच सांगितलंय आम्हाला! आणि आईच्या व्हिडिओसाठी एकदाही नाही विचारलंत?"

ज्योतीराम खाली बघत म्हणाले, "तिचं ते फुटलेलं तोंड बघवत नाही गं मला."

वर्षालीचा पप्पांवरचा राग विरला. पण धनेशदादावरचा राग काही गेला नाही. "हा व्हिडिओ तुमच्या मशीनवर लावून बघा."

"अजिबात नाही! व्हायरस आला म्हणजे?"

उझ्माने समर्थला डोळा मारला. "बरं, राहू दे. दादा, तो वरचा कीबोर्ड दाखवा ना. तो नाही, त्याच्यामागचा. अहो, त्याच्याही मागचा!"

धनेशदादा स्टुलावर चढला. समर्थने झटकन खिशातला पेनड्राइव्ह लावून व्हिडिओ कॉपी केला. भिंतीवरच्या टीव्हीवर क्रिकेट चालू होतं आणि काउंटरपाशी चार-पाच जण उभ्या उभ्या मॅच बघत होते. समर्थने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि रिमोट दाबला.

"अरे ए, शेवटची ओव्हर होती!" एकजण ओरडला.

आणि टीव्हीवर आई आली. अख्खी! ना पट्टा, ना चौकोन. सोऱ्यातून कुरडई घालत होती.

धनेशदादा कीबोर्ड घेऊन स्टुलावरच राहिला. "हे कसं काय?"

"व्हिडिओ चांगला आहे," वर्षाली म्हणाली. "तो याच डिस्कवरून आलाय. म्हणजे डिस्क गेली म्हणता, तेही खोटं!"

ज्योतीरामांनी समर्थच्या हातातून रिमोट घेऊन व्हिडिओ थांबवला. मग ते धनेशदादाकडे वळले. आता त्यांचा आवाज कंपनीतला होता. "भाऊ, मग पट्टे का येतात?"

"काय माहीत..."

"कधीपासून येतात?"

"यांनी सर्व्हिसिंग केल्यापासून!" समर्थ ओरडला.

"सर्व्हिसिंगमध्ये काय बदललं?"

"ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकला. म्हणजे, चित्र पडद्यावर आणतो ना, तो प्रोग्रॅम."

"याच मशीनचा होता?"

धनेशदादाने मान खाजवली. "मॉडेल नव्हतं बघितलं. सगळ्यांना तोच टाकतो."

"न बघता टाकलात, आणि आता न बघताच पुसायला निघालात!" वर्षालीने कॉम्प्युटरवर हात ठेवला. "आमची एकच आई होती त्यात!"

धनेशदादा खाली उतरला. त्याने मशीनचं मॉडेल वाचलं, चुकीचा ड्रायव्हर काढला, योग्य तो शोधून टाकला. "चुकलं माझं," तो हळूच म्हणाला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. वर्षालीने व्हिडिओ लावला. पडद्यावर पट्टे नव्हते. आई मान वर करून थेट बघत होती. "अहो, शूटिंग कसलं करताय? ते पातेलं धरा, हात भाजला माझा!"

चित्र हललं आणि पडद्यावर नुसतं निळं आभाळ उरलं.

"मी पातेलं धरायला धावलो," ज्योतीराम म्हणाले. "तिचा फोन तसाच कठड्यावर ठेवला." आणि ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"मॅच गेली तर गेली," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "पोरांनो, शाबास!"

"आमच्या लाइनवर अशी तिघं हवीत," ज्योतीराम म्हणाले. त्यांनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवला.

"काका, आधी अजून दोन ठिकाणी कॉपी करा!" उझ्माने हुकूम सोडला.

पडद्यावर आभाळच होतं. त्यामागून आई कोणाला तरी कुरडयांचा चीक ढवळायला सांगत होती. सगळे ते आभाळ बघत उभे राहिले. व्हिडिओ संपला.

"परत लाव," ज्योतीराम म्हणाले.