दुसरी सीडी

"पानी भेटन काय जी?"

विचारत होता मला, आणि नजर माझ्या खांद्यावरून थेट आमच्या टीव्हीवर! मी काही अगदीच नजरेआड करण्यासारखी नाही... मला रागच आला.

दिग्रसला कापूस खरेदी केंद्राच्या रस्त्यावर आमचं घर. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि केंद्रात जागा नव्हती. ट्रॉल्यांची रांग आमच्या दारावरून पार चौकापर्यंत जायची. माणसं कापसावरच झोपायची, तिथंच भाकरी खायची. त्यातलाच हा एक, फाटकाशी रिकामी कॅन घेऊन उभा.

"दुसरा भाग हाय काय हा?" त्यानं विचारलं.

झालं! आतून बाबांचा आवाज आला, "कोण आहे, अनघा? आत बोलाव त्याला!"

माझे बाबा तहसीलमध्ये हेडक्लार्क. एरवी उंबऱ्यावरूनच माणूस परतवणारे. पण त्या मारामारीच्या पिच्चरचा पहिला भाग त्यांनी नऊ वेळा पाहिला होता, आणि दुसऱ्यासाठी चक्क दोन दिवसांची रजा टाकली होती. असा कुणी दिसला की त्यांना सोयरा भेटल्यासारखं व्हायचं.

"पाचच मिनटं बसतो काका," तो अवघडून म्हणाला. नाव रजत, गाव फुलसावंगी. "रांग हल्ली आन् ट्रॉलीवर आपला मानूस नसला, तं नंबर जाते. मंग पार मागं."

पाच मिनिटांचा तास झाला. पिच्चर इतका टुकार की विचारू नका! हिरोचं पोट सुटलेलं. पहिल्या भागात मेलेल्या व्हिलनचा जुळा भाऊ उगवलेला. बाबांचा चेहरा उतरत उतरत पार पडला.

"हा तो नाही रे राहिला," ते म्हणाले.

"वय झालं काका त्याचं," रजत हळूच म्हणाला. "आपल्या मानसानं सांभाळून घ्याव."

मी हसणार होते. पण हसूच आलं नाही. एवढ्या भंगार हिरोलाही जो सांभाळून घेतो, तो... असो.

पहिली सीडी, म्हणजे अर्धा पिच्चर, संपली आणि तो उठला. गेट अजून सात ट्रॉल्यांवर होतं. दिवसाला सहा-सात ट्रॉल्या आत जायच्या. म्हणजे उद्या संध्याकाळी ट्रॉली रिकामी, आणि हा फुलसावंगीला. मग कोण कुणाचं!

दुसरी सीडी माझ्या हातातच होती. मी ती ओढणीखाली सरकवली.

"दुकानदारानं दुसरी दिलीच नाही हो बाबा," मी म्हणाले. "उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. भांग पाडून.

"काकासाठी आलो," तो म्हणाला.

"हो का? मग पावडरही काकांसाठीच लावली असेल—"

"ते... कापूस हाय जी."

कापूस म्हणे! मोगऱ्याच्या वासाचा!

पिच्चर शेवटाला आला. टीव्हीवर हेलिकॉप्टर फुटत होतं, बाबांनी आवाज पूर्ण वाढवला होता. मी कप विसळून पाणी टाकायला अंगणात गेले, आणि बाहेर हॉर्न ऐकू आले. रांग हलली होती! एकदम चार ट्रॉल्या आत गेल्या. रजतच्या ट्रॅक्टरपुढचा रस्ता मोकळा, आणि त्याच्या मागच्या ट्रॉलीचे उत्तमसिंगकाका ट्रॅक्टर सुरू करून बाजूनं पुढे काढत होते.

"रजत!" मी ओरडले. आतलं हेलिकॉप्टर काही थांबेना.

दोन दिवस थंडीत राखलेला नंबर... आणि माझ्या लबाडीपायी जाणार? मी अनवाणीच धावले. चाकावर पाय दिला, फळी धरली आणि कापसावर जाऊन बसले.

"उतर वं पोरी!" उत्तमसिंगकाका खेकसले. "त्याचा मानूस नाही ट्रॉलीवर. नियम म्हंजे नियम!"

"आहे ना. मी आहे."

"तू कोन त्याची?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. समोरच्या ओट्यावर तानाबाई तूर निवडायच्या थांबल्या.

"मी... यांच्या घरची आहे!"

उत्तमसिंगकाकांनी इंजिन बंद केलं. मी वळून पाहिलं तर फाटकात रजत, एकाच पायात चप्पल. त्यानं सगळं ऐकलं होतं. माझे कान तापले.

तो येऊन ट्रॅक्टरवर बसला. मागं न बघताच म्हणाला, "खरं सांगू काय? हा पिच्चर मी दिवाळीलेच पुसदले पाह्यलता."

"मग एवढा भंगार पुन्हा काहून पाह्यला?" घाईत माझ्याही तोंडून त्याचीच बोली निघाली.

"काल पानी मांगाले आलतो... तुमाले पाह्यलं, आन् पानी घ्याचंच राह्यलं."

"मला? तुम्ही तर टीव्हीकडे बघत होता!"

"तुमच्याकडं पाहाची हिंमत कोनात होती?"

आता लपवण्यात काय अर्थ! "दुसरी सीडी काल घरातच होती," मी सांगून टाकलं.

तो वळला. पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं आणि जे हसला... मी कापसात घट्ट रुतून बसले.

"उतरा आता. लोकं पाहून राह्यले," तो म्हणाला.

"वजनकाट्यापर्यंत माणूस लागतो ना?" मी म्हणाले. "मग मी नाही उतरत."

तेवढ्यात बाबा दारात आले. ट्रॉलीवर मी, ट्रॅक्टरवर तो. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, संपलं सगळं.

"रजत," ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना पिच्चर आवडतात का?"

"नाही काका."

"बरं आहे. मग नुसतंच चहाला घेऊन ये त्यांना."