लाल दोऱ्याची खूण

मी चादरीच्या मागावर सकाळपाळी करतो. सुटलो की भवानी पेठेतून सायकल काढायची, थेट वाचनालय. वरच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं वर्षावर्षाची बांधून ठेवलीत. शाळा दहावीपर्यंतच, पुढचं जे काय ते मोबाईलवर शिकलो. पण आज्जा शोधायचाच, एवढं पक्कं होतं.

कारण अप्पा, माझे वडील. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. अप्पांचं एकच, "महेश, माझ्या बापाच्या शेजारी बसव मला."

बाप कुठं पुरलाय ते कुणालाच माहीत नाही. गुरुबसप्पा, मिलमध्ये कामाला. सदुसष्ट साली डबा घेऊन गेला तो आलाच नाही. अप्पा तेव्हा सात वर्षांचे. बापानं शिकवलेली गाठ तेवढी राहिली. तुटलेल्या सुताचं टोक जिभेवर ओलं करायचं, डाव्या हातानं उलटा फेरा द्यायचा. मागावर दुसरं कुणी तशी मारत नाही. मलाही जमत नाही.

पानं चुरा होतात म्हणून खुणेला लाल दोरा ठेवायचो. सदुसष्टच्या एप्रिलात ठेवून गेलो. दुसऱ्या दिवशी दोरा ऑगस्टात.

"मॅडम, हे अजून कोण वाचतंय?"

ग्रंथपाल रेश्मा मॅडम हसल्या. "वाळवी. वर्षात तू एकटाच आलायस की. किल्ली माझ्याकडंच असती."

माझीच चूक असेल म्हणून दोरा परत एप्रिलात ठेवला. पानं गाळायची नव्हती.

पुढच्या दिवशी लाल टोक एप्रिलातच. पण त्याला पांढरं सूत जोडलेलं, आणि सुताचं दुसरं टोक ऑगस्टात.

गाठ बघितली. उलटा फेरा.

ऑगस्टातलं पान वाचलं. मिलमागच्या विहिरीत कामगाराचं प्रेत. ओळख पटली नाही. डब्याच्या झाकणावर गु. ब. गळ्यात लिंग होतं म्हणून लिंगायत स्मशानात पुरलं, चिंचेखाली.

तसाच सायकल मारत गेलो. मे महिना, भर दुपार. राखणदार हरिबा भिंतीच्या सावलीत.

"चिंचेखाली जुनी जागा हाय का?"

"हाय की. दगड हाय, नाव न्हाय. शेजारी तुमीच आखून गेलासा न्हवं?"

"मी नाही."

"मग कोन? सकाळी झाडलं तवा काय न्हवतं."

दगडाला लागून खुंट्या ठोकलेल्या. भोवती पांढरं सूत. एक चौकोन.

त्याला लागून दुसरा.

"घरात दोगं आजारी हैत व्हय?" हरिबानं विचारलं.

पहिला अप्पांचा, तो राहू दिला. दुसरा काढायला खाली बसलो. सुताला तीच गाठ, उलट्या फेऱ्याची; ती सुटत नाही, तोडावी लागते. दातानं तोडायला सूत तोंडाजवळ नेलं.

दगडावर हात ठेववत नव्हता, इतकं ऊन.

गाठ ओली होती.