गवताचा सरदार

काल संध्याकाळी आम्ही वेशीबाहेर सोडून आलेला गवताचा सरदार आज सकाळी माझ्याच शेतात उभा होता. धुकं, आणि धुक्यात त्याचं ते शिरस्त्राण... मी बांधावरच थांबले.

भाताच्या धसकटाला घोडा अडखळला म्हणून एक सरदार लढाईत मारला गेला आणि तुडतुडा, म्हणजे रस शोषणारी कीड, होऊन भातावर उलटला, असं आमच्याकडे म्हणतात. दर उन्हाळ्यात, लावणी झाली की, त्याचा गवताचा पुतळा ढोल वाजवत वेशीबाहेर पोचवायचा. पोचवणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही. बघितलं, तर तो परत येतो.

त्याच्यामागून एक तरुण उठला, गुडघाभर चिखलात. कानामे. भात संशोधन केंद्रातून आला होता, माझं नि शेजारचं शेत ताडून बघायला.

"बुजगावणं रस्त्यात पडलं होतं. वाटलं, तुमचंच असेल."

"तुम्ही किडीला आवतण दिलंत."

"मग निस्तरायला मीच थांबतो," तो हसला. मला राग आला... फार वेळ टिकला नाही.

शेजारी सगळीकडे नवं वाण, तुडतुड्यांना दाद न देणारं. माझ्याकडे वडिलांचा लाल भात. ते गेले, आणि हे बियाणं दुसऱ्या कुणाकडे उरलं नाही. यंदा पीक गेलं असतं, तर वडील दुसऱ्यांदा गेले असते.

कानामे रोज रोपं हलवून किडे मोजायचा, मग माझ्या ओसरीवर जवाचा चहा प्यायचा. माझ्या भातात तुडतुडे होते, त्यांना खाणारे कोळीही होते. नव्या वाणात दोन्ही नव्हते. तिथे उभं राहिलं की शांततेनं कान बधिर व्हायचे. आणि सरदार रोज थोडा वळलेला असायचा, त्या शेताकडे.

"तुम्ही वळवता?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही..."

ऑगस्टअखेर तुडतुडे नव्या वाणालाही सरावले, आणि तिथे त्यांना खाणारं कुणी नव्हतं. गोल गोल करपलेले डाग पडले, कुणी घोडा रिंगण घालून फिरवावा तसे. शेवटचा डाग माझ्या बांधाशी थांबला. सरदाराच्या गवतातून कोळी उतरतच होते. माझा भात जाळ्यांनी पांढरा झाला होता.

गावानं दोष कानामेवर ठेवला; गावप्रमुख शिगेझोकाकांनी निकाल सांगितला. ज्यानं सरदार परत आणला त्यानंच तो नेऊन सोडावा, आणि स्वतः पुन्हा इकडे फिरकू नये.

कानामेनं सरदार पाठीवर घेतला.

"मागे बघू नकोस," मी म्हणाले. "तो परत येईल."

"आणि त्याला आणणारा?"

"तोही." मी त्याच्या खांद्यावरची गवताची काडी काढली. "मला हवा आहे तो."

वेशीपाशी कानामे थांबला. मग वळला आणि माझ्याकडे डोळे भरून बघितलं. त्याच्या खांद्यावरून सरदारही बघत होता.

घरी येऊन मी दार उघडंच ठेवलं, आणि भाताच्या तीन वाट्या मांडल्या.