मामंजींची भिंत

वीज गेलीय तर जाऊ दे. ते मोबाइल खाली ठेवा आधी, माझ्या डोळ्यांत उजेड मारू नका. सांगतो ती गोष्ट खरी आहे. माझ्याबरोबर कामाला असलेल्या एका एसी फिटरच्या बाबतीत घडलेली. आम्ही त्याला थंड्या म्हणायचो. आत्ता हसून घ्या, पुढे हसायला येणार नाही.

थंड्याला एका बाईंनी वरच्या मजल्यावरच्या खोलीत एसी बसवायला बोलावलं. चैनीसाठी नाही हं. त्यांच्या लहान मुलीला जन्मापासून घामच येत नव्हता. ऊन वाढलं की अंग तापायचं, पोरगी डोळे फिरवायची. बाई रात्र रात्र तिला ओल्या चादरीत गुंडाळून बसायच्या. नवरा बोटीवर नोकरीला. आणि सासरे होते तोवर भिंतीला भोक पाडायची बात नव्हती. म्हातारा गवंडी, घर स्वतःच्या हातांनी बांधलेलं. साधा खिळा ठोकू द्यायचा नाही. प्रत्येक भिंतीचा गिलावा झाला की ओल्यातच खाली कोपऱ्यात अंगठा दाबायचा, ती त्याची सही. तो थंडीत गेला, आणि उन्हाळा लागताच बाईंनी थंड्याला फोन केला.

थंड्याने भिंतीला आरपार भोक पाडलं, तांब्याच्या दोन नळ्या बाहेरच्या युनिटपर्यंत नेल्या, नट आवळले. गॅस सोडण्याआधी त्याची एक रीत होती. नळ्यांत नायट्रोजन भरायचा, दाब दाखवणारा मीटर लावायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी काटा जागेवर असला तर सांधे पक्के. सकाळी येऊन बघतो तर काटा शून्यावर आणि आतला नट ढिला. आपणच विसरलो असू, असं म्हणून त्याने पुन्हा आवळला, पुन्हा नायट्रोजन भरला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं.

"आज मी इथेच बसतो," तो बाईंना म्हणाला. "बघतोच कोण शहाणा येतो ते."

तो मे महिन्यातला दुसरा शनिवार. मध्यरात्र उलटून गेली होती. शेजारच्या खोलीत बाई मुलीपाशी, पोरीला ताप चढलेला. थंड्या मांडीवर पाना घेऊन मीटरसमोर बसला होता.

टक... टक...

कुणीतरी बोटाच्या पेराने भिंत वाजवत होतं. गिलावा पोकळ आहे का ते गवंडी बघतात ना, तसं. आवाज दारापाशी सुरू झाला. भिंतीभिंतीने सरकला. नळ्यांपाशी आला...

थांबला.

आणि नट फिरायला लागला. हळू. आपोआप. फुस्स... काटा खाली. थंड्याचा हात पान्यावर होता. उचलेचना.

दारात बाई उभ्या होत्या, हातात ओली चादर. त्यांनी नट बघितला. घाबरल्या असतीलच, माणूसच त्या. पण चादर खांद्यावर टाकली आणि थंड्याच्या हातातला पाना काढून घेतला.

"मामंजी," त्या भिंतीला म्हणाल्या, "घर तुम्ही बांधलंत, मान्य. तुमच्या शब्दाबाहेर कधी गेले नाही. पण पोरगी तिकडे तापाने फणफणतेय. तुमचीच नात. तुम्ही सोडवा, मी आवळते. उजाडेपर्यंत हेच करू. बघू कोण आधी दमतं."

आवळला. नट उलटा फिरला. पुन्हा आवळला. पुन्हा उलटा... तळहाताची सालटं निघाली. बाई हटल्या नाहीत.

"अजून?"

...

"अजून, मामंजी?"

...

नट गप्प. भिंत गप्प.

थंड्याने पुन्हा नायट्रोजन भरला. दोघं जमिनीवर बसून काट्याकडे बघत राहिले. उजाडलं तरी काटा जागचा हलला नव्हता. मग गॅस सोडला. खोली गार झाली, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच पोरगी कोरड्या चादरीत झोपली.

निघण्याआधी नळ्यांभोवतीची फट बुजवायची राहिली होती. थंड्याने बाहेरून शिडी लावली, पुट्टीचा डबा घेऊन वर चढला. आणि डबा तसाच हातात राहिला. फट बुजवलेली होती. सिमेंटने, नळ्यांभोवती गोल, सफाईदार. घरात चिमूटभर सिमेंट नव्हतं, आणि शिडी रात्रभर थंड्याच्या गाडीवर बांधलेली होती.

सिमेंटच्या खालच्या कडेला अंगठा दाबलेला होता. थंड्याने त्याला बोट लावलं.

ओलं होतं.