पुढचं सांगायचं राहिलं

पंखा जरा कमी कर रे, मला ओरडून गोष्ट सांगता येत नाही. दिवा राहू दे. घाबरायला अंधार लागतोच असं नाही.

जेवताना भाचेबुवा सांगत होते, की नव्या नोकरीत त्यांना कामगारांकडे बघायला शिकवलंय. कोण कसं काम करतो ते शांतपणे बघायचं, काम संपलं की त्याला बाजूला घ्यायचं आणि कुठं धोका आहे ते सांगायचं. सांगताना आधी चांगलं बोलायचं, मग चूक. म्हणजे माणूस दुखावत नाही आणि अपघातही टळतो. पद्धत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती ऐकताना माझा घास तोंडातच राहिला. ही पद्धत जीव लावून शिकलेला एक माणूस माझ्या ओळखीचा होता. हसू नका, ओळखीचाच होता. तो म्हणजे मी नव्हे. मी त्याच कारखान्यात फिटर होतो आणि माझे हात कायम ग्रीसमध्ये बरबटलेले असायचे.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. माझ्या मित्राचं काम उभं राहून बघायचं, म्हणून कामगारांनी त्याचं नाव ठेवलं बघ्या. समोर बघ्यासाहेब, पाठीमागं नुसता बघ्या. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचा राग नव्हता. माणूस गोड होता. कुणाला दुखवायचं म्हटलं की तो विषयच बदलायचा. दुपारचा चहा आम्ही रोज बरोबर प्यायचो, म्हणून सांगतो.

गोदामात एक लंबू होता. नावाप्रमाणेच ताडमाड. गोदामाच्या मागच्या भिंतीला लोखंडी माळा, त्यावर तयार खोक्यांचे गठ्ठे, आणि माळ्याला एकच उभी शिडी. लंबूचे पाय इतके लांब, की शिडीकडे तोंड करून उतरला की गुडघे पायऱ्यांवर आपटायचे. म्हणून तो शिडीला पाठ लावून उतरायचा, घराचा जिना उतरावा तसा. खांद्यावर गठ्ठा, एक हात गठ्ठ्याला, एक हात शिडीला. वर्षानुवर्षं असाच उतरत होता आणि कधी पडला नव्हता. कधी पडला नाही, हीच आमच्याकडं सगळ्यात मोठी परवानगी.

एका दुपारी बघ्यानं त्याचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. मग त्याला बाजूला घेतलं आणि पद्धतीप्रमाणे आधी चांगलं सांगितलं. बूट व्यवस्थित, हेल्मेटचा पट्टा आवळलेला, जागा लख्ख, तुझ्यासारखी शिस्त मी गोदामात दुसऱ्या कुणाची बघितली नाही. आता लंबूला इतक्या वर्षांत कुणी चांगलं म्हटलंच नव्हतं. तो एवढा थोरला बाप्या लाजला. म्हणाला, साहेब, परत एकदा सांगा की. बघ्यानं परत सांगितलं. त्याचा तो फुललेला चेहरा बघून पुढचं वाक्य बघ्याच्या जिभेवरच बसून राहिलं. इतक्यात भोंगा झाला, सुट्टी झाली. उद्या सांगू, असं म्हणून हा निघाला.

मला तो पुढं म्हणाला होता, "भोंग्यावर ढकलू नकोस. भोंगा झाला नसता तरी मी बोललो नसतो. मला त्याच्या तोंडचं ते हसू हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी लंबूच सगळ्यांना सांगत सुटला होता, साहेबांनी माझं सगळं काम बघितलं, एक चूक काढली नाही. आता काय सांगणार? मग त्याच आठवड्यात लंबू माळ्यावरून खाली आला तो डोक्यावर. पाय सटकला, हात गठ्ठ्यात अडकलेला, पाठ शिडीकडं. धरायला काही नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

चौकशी बसली. वरच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला: त्याला सांगितलं होतं का? आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, बघ्या म्हणाला, हो, सांगितलं होतं. संपलं. दोष मेलेल्या माणसाचा. मेलेला माणूस काही उलटून बोलत नाही.

गोष्ट तिथंच थांबली असती तर मी आज सांगत बसलो नसतो. पण लंबूच्या बायकोला कारखान्यानं पॅकिंगमध्ये घेतलं. तिथं नवा माणूस आला की मुकादम त्याला बजावायचा, सांगितलेलं ऐक, नाहीतर लंबू होशील. ती तिथंच खोक्याला टेप लावत असायची. मान खाली. नवऱ्याचं नाव शिवीसारखं वापरलं जात होतं, आणि बघ्या रोज तिच्या समोरून जायचा. त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. तीन महिने. वजन उतरलं त्याचं. मी म्हणायचो, डॉक्टरला दाखव. तो म्हणायचा, लाजेला औषध असतं का रे? मला तेव्हा काही कळलं नाही.

मग आली ती रात्र. मागच्याच्या मागच्या वर्षीची, एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचे पाहुणे यायचे होते, कारखाना किती सुरक्षित आहे ते बघायला. सगळ्या कामगारांना गोदामात जमवून बघ्यानं लंबूची गोष्ट सांगायची, असं ठरलं होतं. सांगूनही ऐकलं नाही की काय होतं, त्याचा दाखला म्हणून. लंबूची बायकोसुद्धा समोर असणार. बोलायला हातात धरायचा बॅटरीवरचा कर्णा होता, तो गोदामातच राहिला होता. रात्रभर चार्ज करायला हवा, म्हणून जेवण झाल्यावर बघ्या तो आणायला गेला. साडेदहा झाले होते. वॉचमननं फाटक उघडलं, थंडी फार आहे म्हणाला, आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

गोदामात दाराजवळचा एकच दिवा. त्याचा उजेड शिडीच्या निम्म्यापर्यंत पोचायचा, वर माळा काळोखात. कर्णा शिडीसमोरच्या टेबलावर होता. बघ्यानं उचलला, बटण दाबलं. चालू होता. त्याला वाटलं, आलोच आहोत तर उद्याचं एकदा म्हणून बघू.

धाकटे, तू का सरकतेस? बस तिथंच.

त्यानं कर्णा तोंडाला लावला. म्हणाला, "आपल्या लंबूला आम्ही सांगितलं होतं." गोदाम मोठं, आवाज फिरून परत आला. सांगितलं होतं... होतं...

मग वरून आवाज आला.

"काय सांगितलं होतं, साहेब?"

कर्ण्यातून नाही. वरून. साध्या आवाजात. रागाचा लवलेश नाही.

बघ्याला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. त्यानं विचारलं, कोण आहे वर? मग लोखंडावर बूट टेकल्याचा आवाज. टण.

उजेडाच्या कडेला दोन बूट दिसले. व्यवस्थित बांधलेले. टाचा शिडीकडं... टोकं त्याच्याकडं.

बघ्याची पाचावर धारण बसली.

टण. एक पायरी खाली. आता गुडघे दिसले. लांब पाय.

"चांगलं तेवढं सांगितलंत. पुढचं राहिलं."

बघ्यानं कर्णा छातीशी धरला.

"मी थांबलोय, साहेब."

टण.

कंबर दिसली. गठ्ठ्याचा कोपरा दिसला. तो धरलेला हात दिसला. अजून एक पायरी... आणि चेहरा उजेडात येणार होता.

मला सांगताना बघ्या इथं म्हणाला, "मला भुताची भीती वाटत नव्हती रे. तो अजून हसत असेल, याची वाटत होती."

त्यानं डोळे मिटले. कर्णा हातातून पडला. आणि मिटल्या डोळ्यांनी, तीन महिने घशात अडकलेलं ते तो बोलला.

"तोंड शिडीकडं कर. दोन्ही हात मोकळे ठेव. गठ्ठा दोरीनं खाली सोड."

"एवढंच?"

"एवढंच."

मग तो आवाज, अगदी हळू.

"हे मला जमलं असतं, साहेब."

बस. शिव्या नाहीत, शाप नाही. बघ्यानं डोळे उघडले तेव्हा शिडी रिकामी होती. तो तिथंच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. वॉचमननं येऊन त्याला उठवलं.

माझ्याकडं तो पहाटे आला. सगळं सांगितलं, तुम्हाला आत्ता सांगितलं तसं. मी म्हटलं, अरे, खाई त्याला खवखवे, मन खातंय तुझं. तो म्हणाला, खात असेल. पण आज मी ते वाक्य म्हणू शकत नाही.

सकाळी सगळे जमले. पाहुणे पुढं खुर्च्यांवर, कामगार मागं, बायका एका बाजूला. कर्ण्याची बॅटरी उतरली होती, म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. वरचे साहेब हसऱ्या चेहऱ्यानं उभे. बघ्या म्हणाला, "लंबूला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी त्याचं कौतुक केलं आणि पुढचं गिळलं. चौकशीत मी खोटं बोललो." साहेबांचा चेहरा उतरला. मी मागं उभा होतो, मला माझ्या मित्राकडं बघवेना. खालमानेनं उभा होता. पण आवाज कापला नाही.

लंबूची बायको पुढं आली. आम्हाला वाटलं, आता ही याच्या श्रीमुखात देणार. तिनं हातातलं टेपचं रीळ टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलली.

"साहेब, ते गेल्यापासून मी रडले नाही. मला रागच होता त्यांचा. एवढं साहेब बजावून सांगतात आणि हा माणूस ऐकत नाही, दोन पोरं घरात आहेत त्यांचा विचार करत नाही, असं वाटायचं. रात्री फोटो उलटा करून ठेवायचे मी."

बघ्या म्हणाला, "वहिनी, माझी चूक..."

"ती तुमची तुम्ही बघा. मला आता घरी जाऊ द्या. मला रडायचंय."

आणि ती गेली. कुणी अडवलं नाही. मुकादमानं तोंड फिरवलं, तो परत कधी ते वाक्य बोलला नाही. बघ्याला महिनाअखेरीला काढून टाकलं. अजून भेटतो मला. पण कुणी त्याला चांगलं म्हटलं ना, की अजून तो समोरच्याकडं बघत उभा राहतो. पुढच्या वाक्याची वाट बघत.

म्हणून सांगतो, भाच्या. चांगलं सांग, जरूर सांग. पण भोंगा झाला तरी माणसाला तसाच सोडू नकोस. नुसती बघ्याची भूमिका घ्यायला पगार लागत नाही, ती आम्ही सगळे फुकट करतो.

भुताचं म्हणशील, तर मीही तेव्हा मानलं नव्हतं. बघ्याला काढल्यावर आठवड्यानं कारखान्यानं माळ्याला दोरी आणि कप्पी बसवली, मीच बसवली. शिडीला पिवळा रंग द्यायचं ठरलं. रंगाऱ्यानं संध्याकाळी वरून खाली रंग दिला आणि आम्ही दोघांनी मिळून गोदामाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. माळ्यावर जायला दुसरी वाट नाही. सकाळी कुलूप मीच उघडलं.

ओल्या रंगावर ठसे उमटले होते. दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर दोन्ही हातांचे पंजे, घट्ट धरलेले, खालच्या बाजूला ओढले गेलेले. पायऱ्यांवर बुटांची नुसती टोकं, भिंतीकडं वळलेली. एक पायरी सोडून एक, जसा लांब पायांचा माणूस टाकील तसे. सगळ्यात वरच्या पायरीपासून सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत.

वर चढल्याचा ठसा एकही नव्हता.