तुरपाई शिकायला आलेला फौजी

खरं सांगते, आधी माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ते होतं त्यानं काउंटरवर ठेवलेल्या शाळेच्या स्कर्टकडे. खालच्या दुमडीला चाळीसेक टाके, आणि प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ! बारा वर्षं एकटीनं शिवणाचं दुकान चालवतेय, पण असली शिलाई बापजन्मात पाहिली नव्हती.

"हे कुणाचं काम?"

"माझं," तो म्हणाला. "लेक म्हणते, गाठी टोचतात. उसवून नीट कराल का, ताई?"

"अहो, पण प्रत्येक टाक्याला गाठ कशाला?"

"सवय..." तो ओशाळला. "मी फौजेत आहे. सोळा वर्षं जखमा शिवतोय. जखमेला असेच टाके घालतात. एखादा निसटला तरी बाकीचे धरून राहतात."

मला हसू आवरेना. चक्क स्कर्टवर शस्त्रक्रिया! पण हसता हसता मनात आलं, याच्या घरी शिवणारं दुसरं कुणी नाही? चौकसपणा माझ्या अंगातच आहे, काय करणार. विचारलंच. बायको चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली, म्हणाला. नऊ वर्षांची लेक त्याच्या मोठ्या बहिणीकडे असते, आणि हा महिनाभराच्या रजेवर आलेला.

"मग तुरपाई शिकूनच जा की," मी बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी स्वारी हजर! गुळगुळीत दाढी, अंगाला साबणाचा स्वच्छ वास, आणि हातात लेकीचा दुसरा स्कर्ट.

मी प्रश्न विचारायचे, तो मान खाली घालून टाके घालत उत्तरं द्यायचा.

"भीती नाही वाटत?"

"नंतर वाटते. काम चालू असताना वेळ कुठं असतो?"

"जखमी माणसाशी काय बोलता?"

"घरच्यांबद्दल विचारतो. बोलत राहिला की धीर येतो त्याला."

"आणि तुमच्याशी कोण बोलतं?"

यावर त्यानं मान वर केली आणि नुसता बघत राहिला... मीही. इस्त्रीखालचं कापड करपल्याचा वास आला तेव्हा कुठं मी भानावर आले.

दोन आठवड्यांत त्याची तुरपाई माझ्याहून सुबक झाली. तरी यायचा.

"आता येते की तुम्हाला," मी म्हटलं.

"कोपरे जमत नाहीत अजून, ताई."

"कोपरे जमतील हो. आधी ते 'ताई' सोडा!"

गडी कानापर्यंत लाल झाला. आणि पुन्हा कोपऱ्यावर वाकला.

मला तो हवा होता. अगदी मनापासून हवा होता. आणि रजेचे दिवस भराभर संपत चालले होते. एकदा गेला की दहा महिने येणार नाही. एवढी तोंडाळ मी, पण लग्नाचं तेवढं विचारवेना — 'नाही' म्हणाला तर?

आठ दिवस उरले तेव्हा तो आला तो स्कर्ट न घेता. हातात घडी घातलेला छापील फॉर्म.

"हा दरवर्षी भरावा लागतो," त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. 'काही बरंवाईट झाल्यास प्रथम कोणाला कळवावे?' "चार वर्षं बहिणीचं नाव लिहितोय. यंदा... तुमचं लिहू?"

माझा पाय मशीनवरच थबकला.

"ही काय मागणी घालायची रीत झाली?"

"मला दुसरी येत नाही. ही ओळ वाचून मी लोकांच्या घरी कळवलंय. ती काय असते, मला ठाऊक आहे. म्हणून तर इतके दिवस धजत नव्हतो. तुम्ही नाही म्हणालात तरी—"

घाबरले मी, खोटं कशाला बोलू? पण सगळ्यात वाईट गोष्ट त्यानं सगळ्यात आधी सांगितली होती, न लपवता. तिथंच मी विरघळले.

"लेकीला विचारलंत?"

"तिनंच पिटाळलंय. म्हणाली, बाबा, घरातले स्कर्ट संपले आता."

हसताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या. "लिहा. पण एक अट आहे. वाईट बातमी कळवायला फौज आहे. बाकीच्या सगळ्या तुम्ही कळवायच्या. काय जेवलात, किती झोपलात, कुणाला टाके घातलेत... सगळ्या!"

"सगळ्या," तो म्हणाला. त्यानं माझं नाव लिहिलं आणि थांबला. "पुढं 'नातं' असा रकाना आहे."

मी तोंड फिरवलं. "लिहा... होणारी बायको."

पेन कागदावर फिरलं. राहवेना, वाकून पाहिलं. नुसतं 'बायको' लिहिलं होतं.

"अहो, 'होणारी' राहिलं की!"

"फॉर्म रजा संपल्यावर द्यायचाय," तो शांतपणे म्हणाला. "अजून आठ दिवस आहेत."