गच्चीवरची लाल छत्री

तनयने पहिल्याच दिवशी यशश्रीच्या माउसला हात लावला आणि तिथेच दोघांचं बिनसलं.

"काय करून राहिले तुम्ही?" ती दारातूनच म्हणाली. पावसाने ओढणी ओली, चपला चिखलाने भरलेल्या, आणि तिच्या खुर्चीवर कोण कुठला उंच मुलगा ऐसपैस बसलेला.

"मी तनय. नवीन आहे. वो... दिवाकर सर बोलले, सगळ्यांकडे डेस्कटॉपवाला नकाशा टाकून दे म्हणून."

"माझ्याकडे नको. मी वेबवालाच वापरते. उठा."

तो उठला. पण उठताना असा काही हसला, की बाईसाहेबांना उगाचच खुर्ची झटकत बसावं लागलं.

सिविल लाइंसमधल्या एका जुन्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत हे ऑफिस होतं. उपग्रहाने वरून काढलेल्या चित्रांवर पनागर-सिहोऱ्याकडची शेतं, पाट, विहिरी आखायच्या, एवढंच काम. चित्रं बघायच्या तऱ्हा मात्र दोन. एक ब्राउझरमध्ये उघडायची, झटपट, कुठल्याही खटारा मशीनवर चालणारी. दुसरी कंप्युटरवर बसवून घ्यायची. ती जड, पण तिच्यात जुन्या सालांची चित्रं मागे सरकवून बघता यायची आणि चित्राखाली ते कधी काढलं त्याची तारीख असायची. गावोगाव फिरणाऱ्या माणसांना यातली कुठली द्यायची ते सरांना ठरवायचं होतं, आणि भांडायचं काम त्यांनी या दोघांवर सोपवलं होतं. दोघांनीही ते मन लावून केलं.

"तुमचा वेबवाला नेट गेलं की डोळे मिटून घेतो," तनय म्हणायचा.

"आणि तुमचा डेस्कटॉपवाला उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो."

"मग एक कप माझाही सांगत जा ना. उघडेपर्यंत बोलू काहीतरी."

"काहून? नकाशावर बोलायचं संपलं का?"

"नकाशावर कोण बोलून राहिलं, यशश्रीजी..."

त्याचं मराठी असं निम्मं हिंदीत बुडवलेलं. ती चुका काढायची, तो मुद्दाम नव्या करायचा. घरी गेल्यावर आपण एकटीच हसतोय हे तिच्या लक्षात यायचं आणि लगेच अपराधी वाटायचं. ज्या घरातून बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, त्या घरात हसू आणायचं कुठल्या तोंडाने?

एका दुपारी पावसाची झड लागली होती. तनयने विचारलंच, "एक सांगा. रोज सकाळी सगळ्यात आधी तुम्ही एकच गच्ची उघडता. कोणाची आहे?"

तिने सांगू नये असं ठरवलं, आणि सांगितलं. "आमची. हा लाल ठिपका दिसतो? हे माझे बाबा."

बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. लेक उपग्रहाच्या चित्रांवर काम करते, तर त्या चित्रात आपणही दिसायला पाहिजे. पनागरच्या बाजारातून त्यांनी भाजीवाल्यांची असते तसली भली मोठी लाल छत्री आणली आणि ऊन असो नसो, गच्चीवर तिच्याखाली पेपर वाचत बसायला लागले. उपग्रह केव्हा येतो ते कोणालाच माहीत नसतं, असं तिने शंभरदा सांगितलं. "येईल ना केव्हा तरी, मी कुठे चाललो?" म्हणायचे. होळीच्या आधी बसल्या बसल्या गेले. आईने छत्री मिटून जिन्याखाली टाकली. आणि उन्हाळा सरता सरता नकाशातलं चित्र बदललं, तर गच्चीवर लाल ठिपका.

"चित्र नेटवर चढायला कधी कधी महिने लागतात," ती हळूच म्हणाली. "हे ते असतानाचं आहे. त्यांना बघायला नाही मिळालं... मी बघते. आईला नाही सांगितलं अजून. रडत बसेल."

तिच्या टेबलावरचा गार झालेला कप तनयने उचलला आणि गरम चहा आणून ठेवला. त्या दिवशी यशश्रीला तो फार आवडला. उगाच का खोटं बोला.

सोमवारी सरांसमोर शेवटची बैठक झाली. यशश्री कंबर कसून आली होती. आणि तनय उभा राहून म्हणाला, "वेबवालाच ठेवू, सर. डेस्कटॉपची काही गरज नाही."

सर खूश. यशश्री चाट पडली. "काहून पलटले तुम्ही?" तिने बाहेर व्हरांड्यात गाठून विचारलं.

"तुमच्यापुढे जिंकून मला काय मिळणार?" तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. तिला वाटलं, लाजला. आपल्यासाठी हरला म्हणून दोन दिवस ती तरंगत होती. मग तिनेही ठरवलं, आपणही एक पाऊल पुढे टाकावं. दुपारी तो बाहेर गेलेला असताना तिने त्याचा तो जड नकाशा स्वतःच्या हाताने आपल्या कंप्युटरवर बसवला आणि पहिल्यांदा, अर्थातच, घराची गच्ची उघडली.

तीच गच्ची, तीच टाकी, तोच लाल ठिपका. आणि खाली कोपऱ्यात तारीख. यंदाच्या मे महिन्याची.

तिने ती पुन्हा वाचली. मे महिन्यात बाबा नव्हते. मे महिन्यात छत्री जिन्याखाली होती. यशश्री सकाळी ऑफिसला निघाली की घरात एकटी आई असायची.

मागे तनय येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात दोन कप होते आणि चेहरा उतरलेला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. पहिल्यांदाच तू म्हणाली, आणि तेही असं.

"हाव. मोठा प्रिंट काढून फ्रेम करून द्यायचा होता तुला. म्हणून माझ्याकडे उघडला... तर तारीख दिसली." त्याने कप खाली ठेवले. "तू रोज सकाळी त्याच्याकडे बघून हसते. माझ्याने ते तोडवलं नाही गेलं. तू मला आवडते, यशश्री. बहुत. म्हणून गप्प बसलो, आणि सरांना वेबवालाच ठेवा म्हटलं."

"आणि आई? ती वर एकटी बसून राहिली, आणि तू माझं हसू सांभाळून राहिला?"

"आई माझ्या डोक्यातच नाही आल्या," तो म्हणाला. "मी फक्त तुझाच विचार केला."

त्याला तोडून बोलावं असं तिला वाटलं. पण तिच्या तरी कुठे डोक्यात आलं होतं? आई वेळेवर स्वयंपाक करायची, डबा भरायची, बरी आहे म्हणायची, आणि हिने ते खरं धरलं होतं.

"घरी सोड मला," ती म्हणाली.

तनयच्या बाइकवरून दोघं फॅक्टरीच्या मागच्या वस्तीत, तिच्या घरी पोहोचली. पाऊस बारीक लागलेला होता. खाली दाराला बाहेरून कडी होती, जिन्याखालची जागा रिकामी होती. यशश्री धावत वर गेली.

लाल छत्रीखाली, बाबांच्या खुर्चीवर आई बसली होती. पाय भिजत होते, मांडीवर निवडायची मेथी होती. लेकीला अवेळी बघून ती चोरी पकडल्यासारखी उठायला लागली.

"काय करून राहिली तू इथं, आई?"

"काही नाही गं..." आईने मेथीच्या काड्या गोळा केल्या. "हे म्हणायचे, वरून फोटो निघतो. आणि तू ऑफिसात रोज तेच फोटो बघते ना. म्हटलं, एखाद्या दिवशी मीही दिसीन तुला. घरी तर तू... थकून येते."

यशश्रीने आईचे ओले पाय हातात घेतले. इतके दिवस ती रोज सकाळी आईकडेच बघत आली होती, आणि तिला बाबा दिसत होते. हे आईला कसं सांगायचं?

"दिसलीस," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून रोज दिसून राहिलीस, आई."

"खरंच?" आईचा चेहरा असा उजळला, की यशश्रीला रडू आवरलं नाही. मग आईही रडली, होळीपासूनचं सगळं. तोवर त्या दोघी एकमेकींसमोर रडल्याच नव्हत्या.

बऱ्याच वेळाने आईने पदराने डोळे पुसले आणि जिन्याच्या दाराकडे बघितलं. "तो कोण आहे? भिजून काहून राहिला?"

तनय तिथेच उभा होता, निथळत. पुढे यावं की परत जावं हे त्याला कळत नव्हतं.

"ऑफिसातला आहे," यशश्री म्हणाली. आणि थोडं थांबून, "मला आवडतो. पण मी त्याच्यावर फार रागावलेली आहे."

"मग इथं बसवून रागाव," आई म्हणाली. "ये रे बाळा."

तो आला. यशश्री सरकली नाही, मग थोडी सरकली.

"माफ नाही केलं अजून," ती म्हणाली.

"हाव," तो म्हणाला, आणि खाली ओल्या गच्चीवरच बसून मेथी निवडायला लागला.